नदी रस्त्यावर मळते

शहरावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत न मुरता छपरे, रस्ते, फरश्या आणि वाहनतळ धूत ओढ्या-नद्यांना मिळते. या वाहत्या पाण्याला शास्त्रीय मराठीत ‘अपधाव’ म्हणतात. कारखान्यांचे सांडपाणी आणि घराघरांतले मैलापाणी ठरावीक नळांतून ठरावीक ठिकाणी बाहेर पडते. त्याचा उगम बोट ठेवून दाखवता येतो, ते मोजता येते आणि शुद्धीकरण केंद्राकडे वळवता येते. अपधावाचा उगम मात्र अख्खे शहर असते. त्यामुळे नदी प्रदूषणाच्या चर्चेत मैलापाण्याला पहिले स्थान मिळते आणि अपधावाचा उल्लेख क्वचितच होतो. पुण्यातून वाहणाऱ्या मुळा-मुठेची स्थिती पाहिली, तर ही उपेक्षा किती महागात पडते ते कळते. मैलापाण्याचा शेवटचा थेंबही शुद्ध झाला तरी शहराची जमीन जोवर आपले धुवण नदीत सोडत राहील, तोवर नदी स्वच्छ होणार नाही.

मुठा नदी पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांच्या साखळीखालून शहरात शिरते, विठ्ठलवाडीवरून पेठांच्या कडेने वाहते आणि संगमाजवळ मुळेला मिळते. मुळेला त्याआधी दापोडीजवळ पवना आणि औंध-बाणेरच्या बाजूने राम नदी मिळालेली असते. पुढे मुळा-मुठा या जोडनावाने ही नदी बंडगार्डन, मुंढवा, थेऊर असा प्रवास करून भीमेला मिळते आणि भीमा ते पाणी उजनी जलाशयात नेते. या मोठ्या प्रवाहांना कात्रजकडून आंबिल ओढा, पेठांमधून नागझरी, वानवडीच्या बाजूने भैरोबा नाला असे अनेक ओढे-नाले मिळतात. नकाशावर हे सारे नदीचे हात आहेत. शहराच्या रोजच्या व्यवहारात मात्र त्यांना गटारांचे स्थान मिळाले आहे. पावसाळी गटारांची तोंडे याच ओढ्यांत उघडतात आणि त्या तोंडांवर शुद्धीकरणाची सोय सहसा नसते.

पक्क्या जमिनीमुळे काय बदलते, हे साध्या हिशेबाने कळते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. या हिशेबाने एक चौरस किलोमीटरवर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच कोटी लिटर पाणी जमते. झाडोरा आणि मोकळी माती असलेल्या उतारावरून त्यातला लहानसा भागच लगेच वाहून जातो. उरलेले पाणी मातीत मुरते, पानांवर अडते किंवा खड्ड्याखळग्यांत थांबते. डांबर, काँक्रीट आणि पत्र्याच्या छपरांवरून मात्र 80 ते 90 टक्के पाणी तत्काळ वाहते. टेकडीच्या उतारावर वस्ती झाली, अंगणाला फरशी आली, पदपथावर सिमेंटचे ठोकळे बसले, की पाऊस तेवढाच राहूनही ओढ्यात येणारे पाणी कित्येक पटींनी वाढते आणि अर्ध्या दिवसात यायचे ते अर्ध्या तासात येते. पाणलोटातला पक्का पृष्ठभाग साधारण दहा टक्क्यांच्या पुढे गेला, की ओढ्यातली जीवसृष्टी खालावू लागते, असे अमेरिकेतील अनेक लहान पाणलोटांच्या अभ्यासांतून 1990च्या दशकात मांडले गेले. मध्य पुण्यातल्या ओढ्यांच्या पाणलोटांनी ही मर्यादा केव्हाच मागे टाकली आहे.

या पाण्यात मिसळलेले पदार्थ शहराच्या रोजच्या जगण्यातून येतात. ब्रेक दाबला की त्याच्या अस्तरातून तांब्याची पूड झडते. टायर झिजताना रबराचे सूक्ष्म कण आणि जस्त रस्त्यावर पडते. गंजरोधक जस्ताचा मुलामा दिलेले पत्रेही पावसात जस्त सोडतात. गळके इंजिन, वाहने धुण्याची केंद्रे आणि रस्त्याकडेची गॅरेज तेल-वंगण पुरवतात. धुराची काजळी छपरांवर बसते, आणि तिच्यात कर्करोगाला कारण ठरू शकणारी बहुचक्रीय संयुगे असतात. बांधकामांवरून सिमेंटमिश्रित चिखल वाहतो आणि ओढ्याकाठी टाकलेला राडारोडा दर पावसात थोडाथोडा सुटत जातो. कुजलेली पाने, भाजी मंडईचा कचरा, जनावरांची विष्ठा आणि बागांतली खते यांतून नत्र, स्फुरद आणि रोगजंतू येतात. प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल डोळ्यांना दिसतात, म्हणून तक्रार त्यांचीच होते. पाण्यात विरघळलेले तांबे किंवा मातीच्या कणाला चिकटलेले तेल दिसत नाही आणि माशाच्या कल्ल्यांपर्यंत बिनबोभाट पोहोचते.

घाण साचण्याचा काळ आणि ती धुतली जाण्याचा काळ यांतल्या अंतराला पुण्यात फार महत्त्व आहे. अपधावाची पाठ्यपुस्तके बहुधा वर्षभर थोडाथोडा पाऊस पडणाऱ्या प्रदेशांत लिहिली गेली. तिथे रस्ता दर आठवड्याला थोडा धुतला जातो. पुण्यात वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते ऑक्टोबरमध्ये येतो. नोव्हेंबरपासून पुढचे सहा-सात महिने शहराच्या पाठीवर धूळ, काजळी, तेल आणि रबर साचत राहते. मग वळवाची एखादी सर किंवा मृगाचा पहिला जोरदार पाऊस हा सारा साठा एका फटक्यात नदीत ढकलतो. पावसाच्या आरंभीच्या या पाण्यात प्रदूषकांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. नदीही त्याच वेळी सर्वांत दुबळी असते. धरणातून विसर्ग सुरू झालेला नसतो, पात्रात पाणी थोडे आणि तेही तापलेले असते, आणि आलेली घाण विरळ करायला प्रवाहच नसतो.

याच पहिल्या पावसाची वाट मासेही पाहत असतात. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांना वलगणीचे, म्हणजे चढणीचे, मासे ठाऊक आहेत. नवे पाणी आले की अंडी घालण्यासाठी मासे मोठ्या प्रवाहातून ओढ्यांत आणि उथळ पाण्यात चढतात. ताज्या पाण्याचा ओघ हाच त्यांचा इशारा असतो. शहरातल्या ओढ्यात हा इशारा आणि विष एकाच पाण्यातून येतात. वर्षाच्या ज्या दिवसांत अंडी आणि पिल्ले वाचायला हवीत, नेमक्या त्याच दिवसांत पाणी सर्वांत घातक असते. वर्षभराच्या सरासरीत ही गोष्ट दिसत नाही. माशाची पिढी मात्र सरासरीवर जगत नाही, त्या चार-सहा दिवसांवर जगते. मुळा-मुठेच्या शहरी पट्ट्यातून अनेक स्थानिक माशांच्या जाती नाहीशा झाल्याचे प्राणिशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. त्या ऱ्हासाला मैलापाणी, बंधारे आणि परके मासे ही कारणे आहेतच, आणि पावसाळ्याच्या तोंडावरचे हे धुवणही त्यांत धरावे लागते.

हा धोका किती खरा आहे, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सिअॅटल शहराच्या परिसरात मिळाला. तिथे कोहो जातीचे सॅमन मासे शरद ऋतूतल्या पावसाबरोबर समुद्रातून ओढ्यांत चढतात. शहरी ओढ्यांत चढलेले कित्येक मासे अंडी घालण्याआधीच तडफडून मरत. जस्त, तांबे आणि तेल यांवर संशय घेऊन झाला, पण कारण सापडत नव्हते. अनेक वर्षांच्या शोधानंतर 2020च्या डिसेंबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे उत्तर प्रसिद्ध झाले. ओझोनमुळे रबराला भेगा पडू नयेत म्हणून टायरमध्ये मिसळल्या जाणाऱ्या 6पीपीडी या रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन जे नवे संयुग बनते, ते या माशांना अत्यल्प प्रमाणातही मारते. भारतातल्या माशांवर त्याचा परिणाम तेवढाच होतो असा निष्कर्ष यातून काढता येत नाही, कारण वेगवेगळ्या जातींची सहनशक्ती फार वेगळी असते. पण एवढे निश्चित होते, की ज्या ओढ्यात मैलापाण्याचा थेंब नाही तोही केवळ रस्त्याच्या पाण्याने मृत्यूचा सापळा होऊ शकतो.

नदीत आल्यावर अपधाव तिचे पाणी तीन मार्गांनी बिघडवते. पहिला मार्ग प्राणवायूचा. सेंद्रिय कचरा कुजवताना जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू वापरतात. ही गरज बीओडी या मापाने मोजतात. स्वच्छ पाण्यात 20 अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. उन्हाने तापलेल्या डांबरावरून आलेले पाणी स्वतःच कोमट असते, म्हणजे प्राणवायू मावण्याची जागा घटते आणि त्याच वेळी त्याची मागणी वाढते. दुसरा मार्ग गाळाचा. बारीक गाळ पाणी गढूळ करतो, सूर्यप्रकाश अडवतो आणि तळाच्या दगडगोट्यांमधल्या फटी बुजवतो. या फटींतच कीटकांच्या अळ्या वाढतात आणि काही मासे अंडी घालतात. बहुतेक जड धातू आणि बराचसा स्फुरद याच बारीक कणांना चिकटून येतो. बंधाऱ्यांमागे प्रवाह मंदावला की हे कण तळाशी बसतात. तळाचा गाळ असा प्रदूषकांची कोठी बनतो, आणि पुढच्या पुरात किंवा प्राणवायू संपल्यावर ती कोठी पुन्हा उघडते.

तिसरा मार्ग पोषकद्रव्यांचा आहे आणि त्याचे परिणाम शहराबाहेर दूरवर भोगावे लागतात. नत्र आणि स्फुरद यांनी शेवाळ आणि जलपर्णी फोफावते. दर उन्हाळ्यात मुळा-मुठेवर पसरणारा जलपर्णीचा हिरवा थर मुख्यतः मैलापाण्यावर पोसतो. गाळातून आलेला स्फुरद त्याला आणखी खाद्य देतो. पावसाळ्यात वाहून गेलेली पोषकद्रव्ये संपत नाहीत, ती उजनीत साठतात. उजनीच्या पाण्यावर सोलापूर शहराची तहान भागते, भीमाकाठची शेती उभी आहे आणि भिगवणच्या परिसरातले मच्छीमार जगतात. पुण्याच्या रस्त्यावर कोणी काय सांडले, याचा हिशेब शेवटी शंभर-दीडशे किलोमीटर खाली राहणाऱ्या माणसांना चुकवावा लागतो.

अपधाव ओढ्याचा आकारही बदलते. पाणी एकदम येऊ लागले की ओढा काठ खरवडतो, पात्र खोल आणि रुंद होते आणि खरवडलेली माती नदीत जाते. काठ ढासळू नये म्हणून भिंती बांधल्या जातात, तळाला काँक्रीट घातले जाते. त्यामुळे पाणी आणखी वेगाने धावते आणि संकट पुढच्या वस्तीकडे सरकते. मुरणे घटल्याने उन्हाळ्यात ओढ्याला झऱ्यांचे पाणी मिळेनासे होते, म्हणून एरवी तो कोरडा पडतो किंवा केवळ सांडपाण्यावर वाहतो. पेशवाईत शहराच्या संरक्षणासाठी वळवलेल्या आंबिल ओढ्याला 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आलेल्या पुराने काठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. पुणे परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक माणसांचे बळी घेतले. महापूर आणि मलीन पाणी यांचा विचार वेगवेगळ्या कार्यालयांत होतो, पण दोन्हींचे मूळ एकच आहे: जमिनीने पाणी धरून ठेवणे सोडले आहे.

कागदावर शहरात दोन वेगळ्या वाहिन्या असतात, मैलापाण्याची एक आणि पावसाची दुसरी. प्रत्यक्षात त्या जागोजागी एकमेकींत मिसळलेल्या असतात. कुठे इमारतीचे मैलापाणी पावसाळी गटारात सोडलेले असते, कुठे तुंबलेल्या मैलावाहिनीचे चेंबर ओढ्यात ओसंडते. उन्हाळाभर ओढ्याच्या तळाशी बसलेला मैला पहिल्या लोंढ्याबरोबर उसळून नदीत जातो. उलट बाजूने, पावसाचे पाणी मैलावाहिनीत शिरले की शुद्धीकरण केंद्राच्या क्षमतेपेक्षा जास्त पाणी येते आणि वरचे पाणी प्रक्रियेविनाच सोडावे लागते. थोडक्यात, मैलापाण्याची व्यवस्था उत्तम चालावी यासाठीसुद्धा पावसाच्या पाण्याची व्यवस्था लागते.

मग हे प्रदूषण आकडेवारीत ठळकपणे का दिसत नाही? कारण मोजणीची पद्धतच त्याला निसटू देते. नदीच्या पाण्याचे नमुने साधारणतः महिन्यातून एकदा, नियोजित दिवशी घेतले जातात. पहिल्या पावसाचा लोंढा काही तासांत संपतो. नमुना घेण्याचा दिवस आणि तो लोंढा एकत्र येणे हा निव्वळ योगायोग ठरतो. दुसरी फसगत विरळपणामुळे होते. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुटला की लिटरमागचे प्रदूषकांचे प्रमाण उतरते आणि नदी सुधारल्यासारखी वाटते. समजा, उन्हाळ्यात सेकंदाला एक घनमीटर पाणी वाहते आहे आणि बीओडी लिटरमागे 40 मिलिग्रॅम आहे, तर सेकंदाला 40 ग्रॅमचा भार जातो. पावसाळ्यात 20 घनमीटर पाणी आणि बीओडी केवळ 8 असेल, तर तोच भार 160 ग्रॅम होतो. पाणी पाचपट बरे दिसते आणि उजनीकडे चौपट घाण जाते. आंघोळीयोग्य पाण्यासाठी देशात बीओडी 3 मिलिग्रॅमपर्यंत आणि विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा, अशी मर्यादा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी 53 महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, होते आणि मुळा व मुठा सर्वांत गंभीर गटात होत्या. अशी वर्गवारी आजार ओळखते, पण आजाराचा किती वाटा नळातून आला आणि किती रस्त्यावरून, हे सांगत नाही.

कायद्याची दृष्टीही नळाच्या तोंडावर खिळलेली आहे. भारताचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा 1974 सालचा. त्याची संमतिपत्रे, तपासण्या आणि दंड यांचा सारा भर मैलापाणी आणि औद्योगिक सांडपाणी यांवर आहे. अमेरिकेचा 1972चा कायदाही असाच सुरू झाला. कारखान्यांचे आणि शहरांचे नळ आवरल्यावरही अनेक नद्या अपेक्षेइतक्या सुधारल्या नाहीत, तेव्हा 1979 ते 1983 या काळात तिथे शहरी अपधावाचा देशव्यापी अभ्यास झाला आणि शिसे, तांबे, जस्त हे धातू शहरोशहरीच्या पाण्यात आढळले. 1987च्या दुरुस्तीने पावसाळी गटारांनाही परवान्याच्या कक्षेत आणले. भारताला हा धडा पंधरा वर्षे गमावून पुन्हा शिकण्याची गरज नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की आधी मैलापाणी तर शुद्ध होऊ द्या. कोरड्या ऋतूत मुठेचे सर्वांत मोठे दुखणे मैलापाणीच आहे, यात शंका नाही. त्यासाठी 2016मध्ये केंद्राने जपानच्या कर्जसाहाय्यातून 990 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात रोज 396 दशलक्ष लिटर क्षमतेची 11 नवी केंद्रे आहेत. ती हवीतच. पण सतरा-अठरा चौरस किलोमीटर पक्क्या पृष्ठभागावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर या अकराही केंद्रांच्या दिवसभराच्या क्षमतेएवढे पाणी तासा-दोन तासांत वाहून येते. अपधावासाठी केंद्रे उभारून हा प्रश्न सुटणार नाही. त्याचा बंदोबस्त जिथे पाऊस पडतो तिथेच करावा लागेल. शिवाय मैलापाण्याची वाट पाहत असताना शहर थांबत नाही. दर वर्षी नवे उतार फरशीखाली जातात आणि आज बांधलेला रस्ता पुढची तीस वर्षे पाणी मळवत राहतो.

दुसरा आक्षेप दख्खनच्या भूगर्भाचा. पुण्याखाली काळा बेसाल्ट आहे, वर कुठे चिकण काळी माती, कुठे मुरूम. पाणी मुरायला जागा थोडी. हे खरे आहे. पण पाणी स्वच्छ करण्यासाठी ते खोलवर मुरलेच पाहिजे, असे नाही. वाळू, खतमाती आणि झाडांच्या मुळांच्या दोन-तीन फुटांच्या थरातून गाळून तळाच्या छिद्रांच्या नळाने ते ओढ्याला दिले तरी गाळ, तेल आणि धातूंचा मोठा वाटा अडतो. सिअॅटलच्या संशोधकांनी रस्त्याचे तेच घातक पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून कोहो माशांना दिले, तेव्हा मासे जगले. एवढ्या साध्या थराने जे साधले, ते पुण्यात खडकाच्या वरही साधू शकते.

उपायांचा क्रम पाण्याच्या प्रवासाप्रमाणे लावता येतो. पहिले पाऊल घाण साचूच न देण्याचे. पावसाळ्याआधी मे महिन्यात मुख्य रस्त्यांची यंत्राने, धूळ शोषून घेणारी झाडलोट, गॅरेज आणि वाहने धुण्याच्या केंद्रांना तेल अडवणाऱ्या टाक्यांची सक्ती, बांधकामाच्या आवारातून चिखल बाहेर जाऊ न देणारे बांध, आणि नाल्यातून काढलेला गाळ काठावर न सोडता त्याच दिवशी उचलणे, या कामांना मोठे तंत्रज्ञान लागत नाही. काठावर ठेवलेला गाळ पहिल्याच सरीत परत नाल्यात जातो आणि सफाईचा सारा खर्च वाया जातो. दुसरे पाऊल पाणी अडवण्याचे. छपराचे पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्यात घेणे, वाहनतळाच्या कडेने झाडे लावलेले खोलगट चर ठेवणे, रस्त्याच्या दुभाजकाला उंच कठड्याऐवजी खळगा करणे. आरंभीचा 20-25 मिलिमीटर पाऊस असा अडवता आला तर सर्वांत मळके पाणी नदीपर्यंत पोहोचण्याआधीच गाळले जाते. तिसरे पाऊल ओढ्याला ओढा ठेवण्याचे. मातीचे, गवताचे, झाडोऱ्याचे काठ पाण्याला मंद करतात आणि गाळतात. महाराष्ट्रात नदीकाठी 25 वर्षांच्या पुराची निळी आणि 100 वर्षांच्या पुराची लाल रेषा आखतात. या रेषा पाणी कुठवर चढेल ते सांगतात. पाणी कसे गाळले जाईल यासाठी वेगळा हिरवा पट्टा लहानातल्या लहान ओढ्यालाही लागतो.

या सगळ्याला मोजणीची जोड हवी. प्रमुख पावसाळी गटारांच्या तोंडांवर पावसाच्या पहिल्या तासापासून दर काही मिनिटांनी नमुने घेऊन एकूण भार काढला, तर कोणता पाणलोट किती घाण सोडतो ते कळेल आणि पैसा योग्य ठिकाणी खर्च होईल. आज रस्ते एका विभागाकडे, मलनिस्सारण दुसऱ्याकडे, घनकचरा तिसऱ्याकडे आणि उद्याने चौथ्याकडे आहेत. पाणी मात्र या चारही विभागांच्या हद्दी ओलांडून एकाच ओढ्यात जाते. एकेका ओढ्याचा पाणलोट हा कारभाराचा घटक मानला आणि त्याच्या पाण्याची जबाबदारी एका हाती दिली, तरच या उपायांना धनी मिळेल.

मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठांच्या सुशोभनाची मोठी योजना शहराने हाती घेतली आहे. काठ कितीही देखणे झाले तरी त्यांच्यामधून वाहणाऱ्या पाण्याची प्रत कात्रजच्या उतारावर, पेठांच्या गल्लीत आणि हिंजवडी-बाणेरच्या वाहनतळावर ठरणार आहे. जिथे पाऊस पडतो तिथून नदी सुरू होते. त्या जमिनीची निगा ही नदीचीच निगा आहे.